डब्याची चव

पिकअपचा हॉर्न आपोआप बोंबलायचा आणि वायपर भर उन्हात फिरायचे. हे सगळं सांभाळणारा डॅशबोर्डखालचा इलेक्ट्रॉनिक डबा दुसऱ्यांदा गेला होता. कुडाळच्या वायरमनपुढे मी कंपनीला आणि खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालत होतो. त्याने डबा उघडला, आतला चिकटा बोटावर घेऊन जिभेला लावला आणि भडकला, "खारो वारो खंयचो? ह्यां नारळाचां पाणी! देवाक आंघोळ घालतंस?"

डॅशबोर्डवरच्या गणपतीवर दर मंगळवारी मीच ते ओतायचो.

नवा डबा बसल्यावर मी सवयीने नारळ उचलला. त्याने तो हिसकावून रस्त्यावर फोडला आणि खोबऱ्याची भकलं माझ्या हातात कोंबली. "देवाक खोबरां चलता!"

मी रागाने तसाच गाडीत बसलो. गणपतीला हात त्यानेच जोडले.