फडताळाचं दार

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर या विषयावर माझं तोंड उघडत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

आधी माझं काम सांगतो. गोदामं, इमारती, घरं — हल्ली सगळीकडे छोटे सेन्सर बसवतात. दार उघडलं, उकाडा वाढला, कोणी हललं, की ते कळवतात. फार बोलतात ते. वाऱ्यानं दार हललं तरी पुन्हा पुन्हा तेच सांगतात. त्यातलं कामाचं ठेवायचं आणि उरलेला कचरा गाळायचा, हा माझा धंदा. पुण्यात याला मोठं नाव आहे. पगारही बरा आहे.

अक्का माझी थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेली, लग्न केलं नाही, नवीन जालन्यातल्या घरात एकटी. मागच्या खोलीत कमल भाड्यानं राहायची. दिवसा बियाणं निवडायच्या कामाला जायची, संध्याकाळी अक्काच्या भाकरी थापायची, आणि मग दोघी मालिकेतल्या सासवांना शिव्या घालत बसायच्या. मी फोन कमी करायचो — म्हणजे करायचोच नाही म्हणा. त्याची भरपाई म्हणून घरात सेन्सर बसवले. त्यातला एक औषधांच्या फडताळाला. भिंतीतलं, जमिनीलगतचं फडताळ.

"हे काय लावून राह्यलास?" अक्कानं विचारलं.

"दार उघडलं की मला पुण्यात कळंल, तू गोळ्या घेतल्या म्हणून."

"म्हणजे जन्मभर मी हजेरी घेतली, आता तू माझी घेणार. बराबर आहे."

या घरावर मी भाषणं दिली. 'ऐकणारं घर.' शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी आयुष्यात घरच्या कोणाचं ऐकलं नसेल अशा मान्यवरांच्या हस्ते सत्कार. त्यांच्यात मी किती शोभत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

थोड्याच दिवसांत फडताळाचा सेन्सर बिघडल्यासारखा वागू लागला. दुपारी उघड-बंद, उघड-बंद. रोज. ऐन मीटिंगमध्ये माझा फोन थरथरायचा. दारावरचं सेन्सरचं चुंबक ढिलं झालं असणार, असं मी ठरवून टाकलं. एक फोन करून विचारता आलं नसतं? आलं असतं. पण अक्काला फोन म्हणजे अर्धा तास. त्यापेक्षा मी एक नियम लिहिला: तेच दार पुन्हा पुन्हा हललं, तर दिवसातली पहिली नोंद धरायची, बाकीच्या कचरा समजून टाकायच्या. चहा निवायच्या आत काम झालं. भाषणात मी त्याचा आलेखही दाखवायचो — आधी काटेरी, नंतर स्वच्छ. टाळ्या पडायच्या.

मग अक्का पडली. सकाळी, कमल कामाला गेल्यावर, फडताळापाशीच. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, आणि मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. संध्याकाळी कमल परतली तेव्हा तिनं पाहिलं. रिक्षावाल्याला घरात बोलावून तिनं अक्काला उचललं, दवाखान्यात नेलं, मला कळवलं. माझ्या फोनवर दिवसभर हिरवा ठिपका होता. गोळ्या घेतल्या — असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो. कमल खाटेच्या पायथ्याशी उभी होती. अक्का म्हणाली, "किती आपटलं रे मी ते दार! हात दुखेपर्यंत. म्हटलं, सुन्याला कळंल."

मी स्टूल ओढून तिच्या उशाशी बसलो.

"रोज कळत होतं ना? जेवण झालं की दोनदा उघडबंद करत होते मी. हजर आहे म्हणून. फोन करून कशाला तुझा वेळ खायचा."

इथं — इथं मी दरवेळी थांबतो. खरं बोलायला कितीसे शब्द लागले असते? 'नाही अक्का, तुझी हजेरी मी कचऱ्यात टाकत होतो.' एवढेच ना? मी म्हणालो, "हो तर. रोज कळायचं."

तिचा चेहरा उजळला. आणि लगेच त्यावर पुढचा प्रश्न दिसला — मंग काल? तो तिच्या ओठांवर यायच्या आत मी म्हणालो, "काल नेट बंद होतं. कोणीतरी नेटच्या डबीचा प्लग काढलेला दिसतोय."

कोणीतरी. त्या घरात दुसरं होतं कोण?

"दादा, म्या त्या प्लगाला बिलकुल हात लावला न्हाई," कमल म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अक्काचा मोबाईल मीच लावल्ता चार्जिंगला... पर तो आतल्या खोलीत..."

ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती. मला दिसत होतं ते. तुम्हाला वाटेल, आता तरी मी बोललो असेन. मी म्हणालो, "जाऊ दे कमल, होतं असं. तू मुद्दाम थोडंच केलंस?"

म्हणजे मी तिला माफ केलं. तिनं न केलेल्या चुकीबद्दल, अक्कासमोर, मोठ्या मनानं. अक्कानंही केलं.

त्यानंतर कमल फार दिवस राहिली नाही. अंबडला भावाकडे जाते म्हणाली. जाताना घराची सगळी बटणं, सगळे प्लग तिनं अक्काच्या मदतीला आलेल्या माझ्या बायकोला दाखवून दिले, एकेक. अक्का आता वॉकर धरून चालते आणि मालिका एकटी बघते. "गुणी पोर होती," कधी कधी म्हणते. "एवढ्याशा चुकीचं काय मनाला लावून घ्यायचं?" मी "हो ना" म्हणतो. भाषणं अजून देतो. तो आलेख तेवढा काढला आहे.

आणि तो नियमही. त्याच दिवशी काढला, दवाखान्याच्या पायरीवर बसून. आता दार जितक्यांदा हलेल तितक्यांदा मला कळतं. सकाळी एकदा हलतं, गोळ्यांपुरतं. दुपारी मी फोन ताटाशेजारी ठेवून जेवतो.

दुपारी काही येत नाही.