इंग्रजी घराला निळी शेड

मी आजवर एकच घर बिघडवलं, आणि तेही बुटाच्या खोक्याएवढं होतं. (दोन म्हणा. दुसऱ्याचं पुढे येतंच.)

माझी मुलगी सना इथे दुबईत आर्किटेक्चर शिकते. महिनाभर खपून तिने इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका घराचं मॉडेल केलं होतं. खरं घर नव्वद वर्षांचं. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यावरून वळणाऱ्या खिडक्या आणि वर सपाट छप्पर. मालकांनी म्हणे दाराची मूठसुद्धा बदललेली नाही. सकाळी अकराला ते परीक्षकांपुढे ठेवायचं होतं आणि त्यावरच तिचं वर्ष अवलंबून होतं. "अब्बा, डोन्ट टच," असं बजावून ती अंघोळीला गेली.

हात लावायचा माझा विचार नव्हताच! मी नुसता बघत होतो. पण समुद्रकाठी सपाट छप्पर? मी रत्नागिरीचा माणूस. गावाला मी हौसेने स्लॅबचा बंगला बांधला. पहिल्याच पावसात तो गळला आणि वर निळ्या पत्र्याची शेड आली. आमच्या गावात दुबईच्या पैशाने बांधलेल्या प्रत्येक बंगल्यावर अशी शेड आहे. गोऱ्यांना बिचाऱ्यांना हे कुणी सांगितलंच नसेल, असं मला वाटलं.

त्यात मी इथल्या इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीत, एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन. पत्र्याचे तुकडे आणि ते चिकटवायचं सिलिकॉन गाडीत कायम. घरात निळा रंगही निघाला. सनाची अंघोळ पाऊण तास चालते. तेवढ्यात शेड उभी राहिली, पन्हळीसकट. बायको, रुखसाना, माझा चहा घेऊन आली, मॉडेलकडे बघितलं आणि चहा घेऊनच परत गेली.

सना बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती खाली फरशीवरच बसली. मी घाबरून शेड उपटायला गेलो, तर तिच्याबरोबर पांढरा रंग सोलून यायला लागला. माझं सिलिकॉन निघत नाही, अशी कारखान्यात माझी ख्याती आहे!

शेवटी शेडसकटच मॉडेल मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मी रस्ताभर माफी मागत होतो. "अब्बा, प्लीज ड्राइव्ह," एवढंच ती म्हणाली. मग दोन तास मी पार्किंगमध्ये दुवा करत बसलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ती पास झाली. परीक्षकांनी शेडबद्दल विचारल्यावर तिने सगळं खरं सांगितलं: शेड अब्बांची, गावचा बंगला वर्षातले अकरा महिने कुलपात, आणि सोफ्याचं प्लास्टिक बारा वर्षं न काढलेलं. त्यांनी मार्क कापले, पण पुढच्या वर्षी त्याच बंगल्याचं मॉडेल कर म्हणाले.

"म्हणजे शेड पटली त्यांना?"

"नो, अब्बा. मी ती काढणार आहे."

"अगं, गळेल ना."

ती एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. आता मात्र चक्क मराठीत म्हणाली, "गळू दे. तिकडे इंग्लंडमध्येही गळत असेल. पण त्या घरात बादली ठेवायला माणसं आहेत."

 

जुलैची सुट्टी टाकली आहे. भर पावसात गावाला कोण जातं, म्हणून कारखान्यात सगळे विचारतात, लग्न कुणाचं? सोफ्याचं प्लास्टिक मी स्वतः काढणार आहे. शेड उतरवायला मात्र दुसरा माणूस बघावा लागेल. तिचं सिलिकॉनही मीच मारलेलं आहे.