शेवटचा दात जाड

माझी थोरली बहीण एनिड हिला गुडघे असून नसल्यासारखे. हॅलिफॅक्सच्या चढावरचं तिचं घर उभं, आणि जिना त्याहून उभा. तिच्या नवऱ्यानं, आल्विनदाजींनी, जिन्याला सरकती खुर्ची स्वतः बसवली होती. दातेरी पट्ट्यावर चालायची. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे पुलीचे, दात झिजले आणि पट्टा घसरायला लागला. तेव्हापासून दाजी बायकोला काखेत धरून चढवत-उतरवत होते. त्यांचंही वय सत्तरीपार.

नर्सबाई म्हणाली, खाट खाली आणा. एनिड उसळली, "आईची खाट खाली आणली, ती वर गेलीच न्हाई. आई गेली ती पेटीतनं. माझी खाट वरच ऱ्हाईल."

ठरलं असं, की शनिवारपर्यंत दाजींच्या हातनं नवी पुली झाली तर बरं, नाहीतर मी जाऊन खाट उतरवायची. शनिवारी गेलो, तर दाजी शेडमध्ये दात कापायच्या मशीनवर वाकलेले, डोळे तांबारलेले.

पुलीवर एक खाच कापली, की मशीनचं हँडल फिरवून त्याची खीळ भोकांच्या चकतीवर ठरलेली भोकं मोजून पुढं न्यायची, मग पुढची खाच. खीळ जिथं आहे ते भोक मोजायचं नाही, मोजणी पुढच्यापासून. हे दाजींनीच निम्म्या गल्लीला शिकवलेलं.

शेवटची खाच झाली. दाजी बघतच राहिले. सगळे दात सारखे, शेवटचा मात्र जवळजवळ दुप्पट जाड.

"खीळ होती ते भोकबी मोजलं म्यां," ते म्हणाले. "दर खेपेला एक भोक कमी. उरलं ते सगळं शेवटच्या दातात."

"दुसरी कापा की, दाजी."

"रातभर जागलोय." त्यांनी मशीनचा खटका बंद केला. "आज कापली तर बोट कापीन. चल, खाट काढू."

एनिड जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली, वाट अडवून.

"आक्का, सरक."

"सरकते की." तिनं वरच्या पायरीवर हात टेकले आणि बूड उचलून मागं टाकलं. मग पुढची पायरी. "बघत काय उभा ऱ्हायलास, टोणग्या? पाय धर. आन् तुमी वो, वर जावा, काखंत धरा. पुली उद्या करा, न्हाईतर परवा करा."

अर्ध्या जिन्यात तिघांचाही दम गेला. बसलो तिथंच, वर दाजी, मध्ये ती, खाली मी.

"घोटभर च्या मिळंल का?" एनिडनं विचारलं.

स्वयंपाकघर खाली होतं. कुणीच उठलं नाही.