लोहाची गोळी आणि हॉस्टेलचा चहा

माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढून मॅडमनी ती चाळीस मुलींना दाखवली, तो दिवस मी विसरलेली नाही. विसरायचा विचारही नाही.

नव्वदीच्या दशकात वर्ध्याच्या एका नर्सिंग शाळेत माझं पहिलं वर्ष चालू होतं. शरीरशास्त्र आणि आहारशास्त्र हे दोन्ही विषय या एकाच मॅडमकडे. त्या दिवशी हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल होतं. एकमेकींच्या बोटाला सुई टोचायची, बारीक काचनळीत रक्त ओढायचं, अॅसिडात सोडायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबाथेंबाने पाणी घालायचं. रक्त चांगलं असेल तर पाणी पुष्कळ लागतं. माझं काही थेंबांतच जुळलं. आकडा आला पावणेआठ.

मॅडमनी मला टेबलापुढे उभं केलं. पापणी ओढून झाली, मग जीभ बाहेर काढायला लावली, मग नखं खिडकीच्या उजेडात धरली. "पुस्तकातलं चित्र नीट छापलेलं नाही, त्यापेक्षा हिलाच बघा," म्हणाल्या. पवनारच्या बाजूला आमचं भाजीचं वावर आहे आणि बाबा पालक-मेथी घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसतात, हे त्यांना माहीत होतं. "भाजीवाल्याची मुलगी आणि अंगात रक्त नाही! सगळा पालक विकूनच टाकता का गं?"

वर्ग खिदळला. खरं म्हणजे आम्ही तो विकूनच टाकायचो. घरी उरायची ती देठं आणि किडकी पानं. बोललेलं खोटं असतं तर मी एखाद्या दिवशी सोडूनही दिलं असतं.

त्याच दिवशी आणखी एका मुलीचा आकडा आठ आला. ती अल्लीपूरची, हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. गोड स्वभावाची, घरून आलेला चिवडा आधी माझ्यापुढे ठेवणारी. आम्हा दोघींना ऑफिसातून कागद मिळाला. दोन महिन्यांत दहा झालं नाही, तर प्रकृतीच्या कारणावरून शाळा सोडायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. परत जाणं म्हणजे पुन्हा हातात खुरपं आणि आयुष्यभर तो पालक.

उपचार मॅडमनी स्वतःकडे घेतला. दोघींना एकाच दिवशी जंताची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून लोहाची लाल गोळी सुरू केली. रिकाम्या पोटी तिने मळमळतं, म्हणून सकाळच्या चहाबरोबर द्यायची, अशी हॉस्टेलची जुनीच रीत होती. मॅडम चहाच्या पातेल्याजवळ उभ्या राहायच्या, तळहातावर गोळी ठेवायच्या आणि गिळेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत. चहा कडक, गुळमट, दोनदा उकळलेला. गोळी त्या चहाच्याच घोटाबरोबर जायची.

तीन आठवड्यांनी चाचणी परीक्षेसाठी वही काढली. मॅडम शिकवत नसत, पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत आणि आम्हाला उतरवून घ्यायला लावत. लोहाच्या पानावर माझ्याच अक्षरात वाक्य होतं, "चहातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण कमी होते. लिंबू, आवळा यांमुळे वाढते." समासात तारीख. माझी पापणी ओढली त्याच्या बरोबर आठवडाभर आधीची.

पहिला विचार शेजारच्या कॉटचा आला, हे शपथेवर सांगते. दुसरा मॅडमचा आला आणि पहिल्याला गिळून बसला. दोघींचंही रक्त वाढलं असतं, तर मॅडम मिरवल्या असत्या की बघा, माझ्या गोळ्यांनी वाढलं. मला ते नको होतं. दोन परीक्षानळ्या घ्या, एकीत बदल करा, दुसरी आहे तशी ठेवा, फरक आपोआप दिसतो, हेही त्यांनीच शिकवलं होतं. दुसरी नळी माझ्या शेजारीच झोपत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेऊ लागले. मॅडमचं लक्ष गोळीवर असायचं, पेल्यात काय आहे ते कोण बघतं? नंतर न्हाणीघरात जाऊन अर्धं लिंबू चोखायचे. लिंबं बाबांकडून मागवली होती. आणि मॅडमची पाठ वळली की माझा चहा अल्लीपूरच्या मुलीच्या कपात ओतायचे.

"बाप्पा, तुले नाई पाहिजे?" ती खूश होऊन विचारायची.

"तुले आवडते ना? घे."

ती दोन्ही कप संपवायची. मेसमधल्या मुली म्हणायच्या, काय जीव आहे दोघींचा!

दोन महिने भरले. प्राचार्यांच्या खोलीत पुन्हा सुई, पुन्हा नळी. मी दहा पूर्णांक चार दशांश. ती सव्वाआठ. मॅडम लगेच म्हणाल्या, "गोळ्यांचा गुण आहे हो. ही दुसरी थुंकून टाकत असणार. हिला घरीच पाठवा."

मी वही उघडून प्राचार्यांपुढे ठेवली आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. तारीखही वाचली. मग सांगितलं, मी चहा सोडला, हिने सोडला नाही, बाकी सगळं सारखं. लिंबाचं आणि तिच्या कपाचं नाव काढलं नाही. प्राचार्यांनी चष्मा काढून मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी त्यांची पापणी ओढून बघावी असं मला फार वाटलं. गोळ्या वाटायचं काम त्यांच्याकडून गेलं, पुढच्या सत्रात आहारशास्त्रही गेलं, आणि अल्लीपूरच्या मुलीला आणखी दोन महिने मिळाले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. पुढे नोकरीत, अगदी दोन हजार सालानंतरही, गरोदर बायांना लोहाची गोळी देताना "चहाबरोबर नको" म्हणाले की तो चेहरा आठवायचा आणि दिवस छान जायचा.

पण त्या दुपारी मी उड्या मारत खोलीत गेले, तेव्हा ती आपली गादी गुंडाळत होती.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"महिना-सव्वा महिना झाला."

"अन् तुह्या वाटचा चहा मले काऊन पाजून राह्यली होती?"

मी मॅडमचं नाव काढलं. सगळी चूक त्यांची, असं काहीतरी बोलले.

"मॅडमच्या ध्यानात नाई आलं," ती म्हणाली, "तुह्या आलं होतं." आणि गादी उचलून पलीकडच्या टोकाच्या कॉटवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाण्याबरोबर गोळी घेतली. मग आपला भरलेला कप घेऊन सगळ्या मेसच्या देखत माझ्यापाशी आली आणि माझ्या कपात ओतला. कप आधीच भरलेला होता, चहा बशीत सांडला, टेबलावरून माझ्या मांडीवर आला. मी कप उचलला आणि प्यायले. तिचा आकडा दहा होईपर्यंत ती रोज ओतायची आणि मी रोज प्यायचे.