न्यालामचं पातेलं

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत ज्योत्स्ना उईकेच्या घरी काही खायचं पाठवायचं, तर पाठवणाऱ्याची छाती मोठी लागते. शेजारच्या छायाबाईंनी हौसेनं पुडाच्या वड्या पाठवल्या, की ही दारातच डबा रिकामा करणार, विसळणार आणि ओलाच हातात परत देणार. "राहू दे ना, मागून देजो," म्हटलं तरी ऐकायची नाही. आणि डबा परत कसा, तर रिकामा! आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चार दाणे साखर तरी घालतात. छायाबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "नर्सबाईले रीतभात नाई." मग ज्योत्स्नाची आई भागाबाई मूठभर शेंगदाणे घेऊन त्यांच्या मागे धावायची आणि लेकीची अब्रू झाकायची.

खरं तर रीत पाळण्यात ज्योत्स्नासारखी दुसरी कुणी नव्हती. भागाबाईनंच तिला तसं वाढवलं होतं. ही बाई कारंजा तालुक्यातल्या जंगलाकडेच्या गावची. रागावली की अजूनही गोंडीत बोलते, आणि समजवायचं असलं की मराठीत. पोर शेजाऱ्यांची वाटी परत द्यायला निघाली की ती म्हणायची, "थांब. रिकामं भांडं भूक घेऊन जाते." ज्योत्स्ना शिकली, नर्स झाली, पण हे वाक्य काही तिच्या कानातून गेलं नाही.

दहा वर्षं होत आली असतील. परदेशी डॉक्टरांच्या एका संस्थेतर्फे ती दक्षिण सुदानला गेली होती. नवा देश, आणि जन्मल्याबरोबर भाऊबंदकी. ती पेटली आणि गावंच्या गावं पळत सुटली. जगानं ठराव केले, चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करायला काही लागत नाही, घरात दाणा नसला तरी ती करता येते. पण खोटं कशाला बोला, काही माणसं खरोखर गेलीही. नाईलच्या दलदलीकाठी, काटेरी तारेच्या कुंपणात या संस्थेचे तंबू होते, आणि त्यांतल्या एका तंबूत वाळलेल्या पोरांना ज्योत्स्ना शेंगदाण्याची औषधी पेस्ट चाटवत बसायची.

त्यांतलाच एक डुओप. न्यालाम नावाच्या एका बाईचा धाकटा. आला तेव्हा रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. हळूहळू तो पेस्टचं पाकीट स्वतःच्या हातानं पिळायला लागला, मग ज्योत्स्नाचे कान ओढायला लागला. त्याला दवाखान्यातून सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी न्यालाम पातेलं घेऊन हजर. ॲल्युमिनियमचं, एका बाजूनं चेपलेलं, तारेची कडी लावलेलं. आत उकडलेली मासळी. घरदार जळताना पोरीला पाठीवर, डुओपला काखेत आणि हे पातेलं डोक्यावर घेऊन ती पळाली होती. एवढंच वाचलं होतं.

ज्योत्स्नानं मासळी खाल्ली आणि पातेलं घासूनपुसून ठेवलं. न्यालाम न्यायला आली, तेव्हा दुभाष्या गाटलुआकला ती म्हणाली, "हिला सांग, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. आमच्याकडची साखर संपली आहे. पुढच्या विमानानं आली की भरून देईन." न्यालाम हसली. पाहुण्या बाईची रीत मोडायची कशी? ती तशीच परत गेली.

विमान आलं, पण साखर घेऊन नाही. ते माणसं न्यायला आलं होतं. लढाई जवळ आली होती आणि वरून हुकूम आला, की परदेशी कर्मचाऱ्यांनी लगेच निघायचं. ज्यांच्यासाठी आलो त्यांना दलदलीत सोडून आपण विमानात बसायचं. हुकूम देणाऱ्याचंही चुकलं असं म्हणवत नाही, पण बरोबर होतं असं म्हणायला जीभ वळत नाही. ज्योत्स्नानं बॅग सोडली आणि पातेलं उचललं. फाटकाशी देऊन टाकू, एवढाच विचार.

गाडी फाटकातून निघाली, तेव्हा तारेपलीकडे गर्दी होती. सगळ्यांचे हात पुढे. गाडीतला प्रत्येक जण मान खाली घालून बसला, कारण ते हात "आम्हालाही न्या" म्हणत होते. त्यातला एक हात तसं म्हणत नव्हता. न्यालाम तारेच्या अगदी जवळ उभी होती आणि ज्योत्स्नाच्या मांडीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवत होती.

काच खाली करायची मनाई होती. पण मनाई मोडता येते, हे ज्योत्स्नाला तेव्हाही ठाऊक होतं. काच खाली करून फेकलं असतं तरी ते न्यालामच्या पायाशी पडलं असतं. तिचा हात काचेच्या बटणावर गेलासुद्धा, आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं, रिकामंच? तेवढ्यात गाडी पुढे निघून गेली होती.

पातेलं वर्ध्याला आलं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर बसलं. त्यात कधी काही शिजलं नाही. पण घरात कुकरची शिट्टी झाली की ज्योत्स्नाचे डोळे तिकडे जायचे. दवाखान्यात एखाद्या आईनं केसपेपर घ्यायला हात पुढे केला, की तो हात काळाभोर, लांब बोटांचा व्हायचा. ती भीत होती ती एकाच गोष्टीला. पातेल्यावाचून त्या पोराचं काय झालं असेल?

भागाबाई समजूत घालायची. पातेल्याला ती गंज म्हणायची. "अवं, शिजवाले दाना असन तं गंज लागते. त्या चिखलात दाना कुठून येते? दानाच नाई तं गंज काय डोक्यावर घेऊन नाचाचा?"

हसू यावं असंच ते बोलणं. पण ज्योत्स्ना त्याच्या आधारानं जगत होती. दाणा नव्हता. म्हणजे पातेल्यामुळे काही अडलं नाही. ती गाटलुआकला फोन लावत राही, आणि तो दर वेळी तेच सांगे, न्यालामचा पत्ता नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याचा निरोप आला. न्यालाम सापडली होती, निर्वासितांच्या छावणीत. आणि योग असा, की छायाबाईंचा भाचा सूरज, पुलगावचा, फौजेत असलेला, त्याच सुमारास शांतिसेनेची निळी टोपी घालून तिकडेच निघाला होता. ज्योत्स्नानं पातेलं काढलं, घासलं आणि काठोकाठ साखरेनं भरलं. वर फडकं बांधलं.

"मावशी, थे लोक मले विचारतीन ना, गंजात साखर काऊन चालवली म्हणून," सूरज म्हणाला.

"सांगजो, एका बाईचा गंज वापस करून राह्यलो," भागाबाईनं परस्पर सांगून टाकलं. "अन् सांडवू नको."

महिना-दीड महिना गेला. मग एका दुपारी ज्योत्स्नाच्या मोबाइलवर आवाजी निरोप आला. भागाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आधी न्यालामचा आवाज, संथ. मग गाटलुआकचं इंग्रजी.

पातेलं मिळालं, न्यालाम म्हणत होती. कडी तीच आहे. मोठी पोरगी आता मोठी झाली, तिचं लग्न ठरतंय, हे पातेलं तिला देईन. तुम्ही गेलात आणि मग आकाशातून पोती पडली. ज्वारी होती. खूप होती. आम्ही ती घेऊन दलदलीतल्या बेटावर लपलो. तिथं कुणाकडेच भांडं नव्हतं. मग मी ज्वारी पाण्यात भिजवायची आणि आम्ही चावून खायचो. मोठीला पचली. डुओपला नाही पचली.

मग न्यालाम पुन्हा काही बोलली.

"तिनं साखर चाखून पाहिली," गाटलुआक म्हणाला. "ती विचारते आहे, तेव्हा तू याच्यासाठीच थांबली होतीस का? ती रागावलेली नाही, ज्योत्स्ना. तिला फक्त माहीत करून घ्यायचं आहे."

ज्योत्स्नानं मोबाइल तोंडाजवळ धरला. "हो," एवढंच तिला बोलता आलं. ते तिनं पाठवलं.

"काय म्हनते वं थे?" भागाबाईनं सुपातून मान वर न करता विचारलं. "भेटला का गंज?"

ज्योत्स्नानं आईकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे आता अधू झाले होते, खडा आणि दाणा ती बोटांनी ओळखायची. तिला हे सांगायचं नाही, हे ज्योत्स्नानं तिथंच ठरवलं.

"भेटला, माय. साखर गोड हाय म्हनते."

भागाबाईचा चेहरा फुलला. "मंग! मी तुले लहानपणापासून सांगून राह्यली. भांडं रिकामं देऊ नये, बाई. रिकामं भांडं भूक घेऊन जाते."

"हो, माय," ज्योत्स्ना म्हणाली, आणि निवडलेले तांदूळ धुवायला उठली.