समुद्रकाठी गोल्फ खेळायचा हट्ट

समुद्रकाठच्या कोवलमला बसमधून उतरलं, की त्या खाऱ्या वाऱ्याने मला पस्तीसेक वर्षांपूर्वीची आमच्या मद्रासच्या घरातली एक दुपार आठवते. अप्पांनी जेवणाच्या टेबलावर स्कॉटलंडचा नकाशा पसरला होता, आणि पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ताकाचे टंबलर ठेवले होते. तिथल्या समुद्रकाठच्या जुन्या मैदानांवर एकदा तरी गोल्फ खेळायचं, हे त्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न. पण त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन वर्षही झालं नव्हतं. “डॉक्टर चालायला सांगतातच की,” ते म्हणाले. “घराभोवती. परक्या मुलखात, गार वाऱ्यात नव्हे,” आई म्हणाली. “मी जाणार!” अप्पांनी टेबलावर हात आपटला आणि ताक नकाशावर सांडलं. कोणी पुसायला उठेना. मग आईने फडकं आणलं, नकाशा हळूहळू टिपून घेतला आणि मान वर न करता म्हणाली, “माझ्यासाठी बूट घ्या. तुम्ही खेळा, मी बरोबर चालेन.” जन्मात पायात चपलेखेरीज काही न घातलेली माझी आई! दोघं गेली आणि सुखरूप परतली. “मी दमायचो, ही पुढे!” असं अप्पा कौतुकाने सांगत. आता माझ्या नवऱ्याला डॉक्टर कशाची तरी मनाई करतात, तेव्हा ‘नको’ म्हणण्याआधी मी थोडी थांबते.