अंतराळयानातली शिट्टी

ज्या आवाजासाठी मी ती अल्ट्रा एचडी डिस्क मागवली, नेमका तोच आवाज तिच्यात नव्हता. ही वस्तुस्थिती मी जळगावच्या दुकानदाराला लेखी कळवली. उत्पादक कंपनीला स्वतंत्र पत्राने कळवली. आणि वाजवी मुदतीत खुलासा न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला. धुळ्याच्या न्यायालयात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला मोघम तक्रार करता येत नाही.

चित्रपट अंतराळयानाचा. कायद्याचा विद्यार्थी असताना तो मी धुळ्यातल्या लाकडी खुर्च्यांच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. यानाच्या बोगद्यांतून काहीतरी फिरत असते. ते कधीच पूर्ण दिसत नाही. ते येण्याआधी फक्त एक बारीक शिट्टी येते, पोलादी पत्र्यावर कुणी नख ओढावे तशी. शिट्ट्या मारणारी सगळी टॉकीज त्या एका शिट्टीने गप्प झाली होती. घरी परतताना पांझरेच्या पुलावर मी मागे वळून पाहत होतो. एवढ्या वर्षांनी ती भीती मला पुन्हा हवी होती.

चित्राबद्दल माझी तक्रार नाही, हे न्यायाने नमूद करतो. टॉकीजमधले अंतराळ राखाडी होते आणि त्यावर रिळाच्या ओरखड्यांची रिपरिप. या डिस्कवर काळोख खरोखर काळा आहे. इतका, की पडदा कुठे संपतो आणि आमच्या बैठकीतला अंधार कुठे सुरू होतो ते कळत नाही. तारे डोळ्यांना बोचतात. अंतराळवीराच्या कपाळावर घामाचा थेंब फुटताना दिसतो. फिल्मचे मूळ कणसुद्धा पुसलेले नाहीत. आणि एवढे सगळे जपणाऱ्या मंडळींनी शिट्टी मात्र काढून टाकावी! बोगदा येतो, माणूस थबकतो, आणि पुढे नुसती शांतता. मग तो थबकतो कशाला?

शेजारी बसलेली पत्नी मात्र दचकत असे. पडद्यावर काहीच नसताना तिची बोटे सोफ्याच्या हातावर आवळली जात, आणि मगच ते येई. ती शिरपूरकडची, असले चित्रपट तिने कधी पाहिलेले नाहीत.

"तुला आधी कसं कळतं?" मी विचारले.

"कळतं म्हणजे? अहो, सांगूनच येतंय की ते."

मी ते थट्टेवारी नेले. पण त्यानंतर मी पडद्याऐवजी तिच्या हाताकडे पाहू लागलो. हात कधीच चुकला नाही. आपल्याच बैठकीत, आपल्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, याने माझ्या पाठीतून जी थंडी गेली ती टॉकीजमध्येही गेली नव्हती.

अखेर दुकानदार स्वतः घरी आला.

"नाना, पत्र कशाला? फोन केला असता तरी आलो असतो."

"फोनची पोच मिळत नाही."

त्याने एकेका स्पीकरला कान लावून पाहिले आणि तोच प्रसंग लावला. बोगदा आला. दुकानदाराने खांदे आक्रसले. त्याच क्षणी पत्नीची बोटे आवळली. दोघे एकदम. मी एकटाच ताठ बसलेलो.

"वाजली की, नाना."

"काय वाजलं?"

"शिट्टी! दात शिवशिवले माझे. पत्रात लिहिलीय अगदी तशीच आहे."

"पुन्हा लावा. मोठ्याने."

त्याने लावली. यानाच्या यंत्रांची घरघर माझ्या छातीत उतरली, कपाटाच्या काचा थरथरल्या. पत्नीने दोन्ही कान झाकले. माझ्यापर्यंत शिट्टी आली नाही.

पत्नीने कानांवरचे हात काढले. मग ती हळूच म्हणाली, "रातकिड्यांचंही असंच झालं होतं."

गेल्या पावसाळ्यात मी एक सविस्तर अर्ज केला होता: डासांच्या फवारणीमुळे आमच्या वसाहतीतील रातकिडे समूळ नष्ट झाले असून त्याची जबाबदारी निश्चित करण्यात यावी.

"ओरडताहेत म्हणून तेव्हाच सांगत होते मी. तर म्हणालात, ऐकीव पुरावा ग्राह्य नसतो."

दुकानदार हसला, माझा चेहरा पाहून थांबला.

मला विलक्षण संताप आला, आणि तो कुणाच्या नावे लिहावा ते कळेना. आवाज डिस्कमधून गेला नव्हता, माझ्यातून गेला होता. तोही केव्हा? कुठलीही पूर्वसूचना नाही. अंगण दिवसेंदिवस शांत होत गेले आणि मी जगाला दोष देत बसलो. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की बारीक, उंच आवाज तेवढे गेले आहेत. माणसांची बोलणी शाबूत आहेत. कंपनीला लिहिलेली तक्रार मी मागे घेतली. कारण दिले नाही.

चित्रपट आम्ही अजूनही पाहतो. मी तिचा हात पाहतो आणि वेळेवर घाबरतो.

परवा दिवेलागणीला चित्रपट संपला. मी डिस्क डबीत ठेवून टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ येऊन बसलो. अंगणाकडचे दार उघडे होते. बोलता बोलता तिची बोटे सोफ्याच्या हातावर आवळली गेली.

"काय झालं?"

"रातकिडे थांबले."

माझ्या लेखी काहीच थांबले नव्हते. तीच शांतता, तसेच अंगण. ती दाराकडे वळली आणि माहेरच्या बोलीत ओरडली, "कोन शे तठे?"

तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. उत्तर आले की नाही, ते मी तिच्या बोटांवर शोधत राहिलो. बोटे अजून सैल झाली नव्हती.